विस्तव झाकलंस गो?

लायटर अजून पेटलाही नव्हता. नुसता हातात आला होता आणि अंगठा चाकावर गेला होता. नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या ब्रिग्गेनमध्ये, म्हणजे धक्क्यावरच्या जुन्या व्यापारी वस्तीत, दोन लाकडी घरांमधल्या अरुंद बोळात, आमच्या चार पावलं पुढे चाललेला एक पर्यटक पाऊस चुकवायला सज्जाखाली सरकला आणि त्याने ओठांत सिगरेट धरली. तेवढ्यात शेजारच्या लोकरीच्या दुकानातून एक बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील. ओरडल्या नाहीत, धावल्याही नाहीत, पण ज्या वेगाने आल्या त्याला चालणं म्हणता आलं नसतं. लायटरवर आपला पंजा ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “इथे नाही.” तो बिचारा ओशाळला, सॉरी सॉरी करत धक्क्याच्या दिशेने निघाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. तो बोळाच्या तोंडाशी पोचून दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी फळ्यांमधली फट पाहिली, काही पडलंबिडलं तर नाही ना. पेटलंच नव्हतं तर पडणार काय? पण पाहिलं.

“चल मावशी, भिजतेयस,” भाची म्हणाली. मी निघाले खरी, पण त्या दिवशी पुढे जे जे पाहिलं त्याच्या आड ते वाकून बघणं येत राहिलं. नियम मोडणाऱ्यावर चिडलेली माणसं मी रोज बघते, त्यांत मीही असते. हे चिडणं नव्हतं. ही भीती होती, आणि ती त्या बाईंची एकटीची वाटत नव्हती. कुणीतरी त्यांच्या हवाली केलेली, त्यांनी नीट सांभाळलेली.

ब्रिग्गेनचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. नाव आठवत नसेल, पण नॉर्वेच्या सहलीची कुठलीही जाहिरात काढा, पाण्याच्या कडेला एकमेकांना खेटून उभी असलेली टोकदार छपरांची लाल, पिवळी, पांढरी घरं असतातच. तो फोटो म्हणजे ब्रिग्गेनचा चेहरा, आणि माझ्या मते तो चेहरा थोडा फसवा आहे. दर्शनी बाजू अरुंद आहे, कारण बंदराच्या धक्क्याचा एकेक तुकडा प्रत्येक व्यापाऱ्याला हवा होता आणि धक्का काही ताणून वाढत नव्हता. मग घरं मागे वाढली. लांब, खोल, एकामागे एक. दोन रांगांच्या मधे सामायिक बोळ, पायाखाली फळ्या, डोक्यावर दोन्हीकडून पुढे आलेले लाकडी सज्जे. माल वर चढवायच्या तुळया अजून भिंतींतून बाहेर डोकावतात. समोरून ऊन पडलेलं असलं तरी आत शिरलं की दुपारची तिन्हीसांज होते. एकही रेघ सरळ नाही. दार एकीकडे कललेलं, खिडकी दुसरीकडे, जिना कुणा तिसऱ्याच्याच मर्जीने. आणि वास डांबराचा. जुन्या होडीचा असतो ना, तसा तेलकट, गोडूस. बहुतेक लोक समोर फोटो काढतात, एका बोळात डोकावतात आणि वॅफल खायला जातात. मीही वॅफल खाल्लं, खोटं कशाला बोलू. पण नंतर.

त्या बाईंच्या वाकण्याने मला आजी आठवली होती. वेंगुर्ल्याकडे आमचं घर होतं. भिंती चिऱ्याच्या, पण वरची माडी, जिना, वासे सगळं लाकडाचं, आणि मागच्या अंगाला गवत भरलेला मांगर. रात्री सगळ्यांत शेवटी जी बाई स्वयंपाकघरातून बाहेर येईल तिला आजी अंथरुणातून विचारायची, “विस्तव झाकलंस गो?” निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची, म्हणजे आग दबून राहते आणि सकाळी फुंकर मारली की काडी न जाळता चूल पेटते. काटकसर आणि सावधगिरी एकाच मुठीत. आई म्हणायची, “झाकला हो.” आजीला ते पुरायचं नाही. थोड्या वेळाने काठी टेकत ती उठायची, चुलीपाशी जाऊन राखेवर हात धरायची आणि मगच झोपायची. आमच्या घराला कधी आग लागली नव्हती. तिच्या माहेरच्या वाडीतलं एक घर तिच्या लहानपणी जळालं होतं, एवढंच.

बर्गनमध्ये एक घर नाही, शहरच्या शहर जळलेलं आहे, आणि पुन्हा पुन्हा. ११९८, १२४८, १४७६, अशी यादी लांबत जाते. १७०२ च्या आगीत तर बहुतेक शहर गेलं आणि ब्रिग्गेन पूर्ण गेलं. आज जी घरं आपण मध्ययुगीन म्हणून डोळे विस्फारून पाहतो ती त्या आगीनंतर बांधलेली आहेत. पण गंमत अशी की लोकांनी बांधताना जुन्याच रेघा गिरवल्या. तेच बोळ, त्याच रांगा, तशीच ओंडक्यांची रचना. शहाणा माणूस म्हणेल की एवढं पोळल्यावर रस्ते रुंद करावेत, दगडात बांधावं. पण दगड महाग, लाकूड मुबलक, आणि प्रत्येकाची जागा इंचाइंचाने ठरलेली. माझा धक्का मी सोडणार नाही, तुझा तू. हट्ट म्हणा की व्यवहार, पण आठशे-नऊशे वर्षं टिकला आहे तो हा आराखडा. लाकूड नाही टिकलं.

त्यातून नियम आले. साधारण १३६० पासून इथे जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाची पेढी होती. लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन अशा त्यांच्या चार मोठ्या परदेशी पेढ्या, त्यांतली ही एक. घरं लाकडाची, आत सुकी मासळी, माशाचं तेल, दोरखंड, धान्य. म्हणून राहत्या घरांत विस्तव नाही. चूल नाही, शेगडी नाही. बर्गनच्या हिवाळ्यात, जिथे डिसेंबरात पुरे सहा तासही उजेड नसतो, तिथे लोक शेकोटीविना झोपायचे. ऊब मिळायची ती रांगांच्या मागे, अंतर राखून बांधलेल्या एका मोठ्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वयंपाकघरात. या खोल्यांना श्योत्स्तुए म्हणतात. प्रत्येक वाड्याची आपली एक. तिथे जेवायचं, प्यायचं, हिशेब शिकायचे, शिक्षा भोगायच्या आणि मग अंधारातून परत गार बिछान्यात जायचं. मौल्यवान माल ठेवायला आणखी मागे दगडी तळघरं होती. म्हणजे मालाला दगड आणि माणसाला लाकूड.

हे वाक्य मी श्योत्स्तुएच्या म्युझियममध्ये मनातल्या मनात म्हटलं आणि माझं मलाच ते फार टाळीबाज वाटलं. पण खोटं नाही.

धक्क्यावरच्या जुन्या व्यापारी घरातलं हान्सा म्युझियम दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून आम्ही मारियाच्या चर्चशेजारच्या या जुन्या खोल्या पाहिल्या. हे चर्च बाराव्या शतकातलं, दगडी, शहरातली सगळ्यांत जुनी उभी इमारत. १४०८ पासून साडेतीनशे वर्षं ते जर्मनांच्या ताब्यात होतं. खोलीत लांब टेबलं, भिंतीलगत बाकं, जाड ओंडक्यांच्या काळपट भिंती. एका कोपऱ्यात वेताची छडी लटकवलेली. भाची तिच्या नोकरीतल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होती आणि मी बाकावर बसून त्या पोरांचा विचार करत होते. कारण पेढी म्हणजे फक्त दाढीवाले व्यापारी नव्हेत. जर्मनीतल्या ल्युबेक वगैरे गावांतून कोवळ्या वयाची पोरं उमेदवारी करायला इथे यायची. वर्षानुवर्षं राहायची. लग्न करायला बंदी, गावातल्या बायकांशी संबंध ठेवायला बंदी. अर्थात बंदी होती म्हणजे ती मोडलीही जात होती, गावात त्याची लेकरंही होती. पोरांनी एका कपाटासारख्या बिछान्यात दोघादोघांनी झोपायचं. ऊब तेवढीच. आणि नवीन आलेल्यांना ‘खेळ’ खेळावे लागायचे. त्यातला एक धुराचा. पोराला दोरीने वर धुराड्याच्या तोंडाशी ओढायचं, खाली घाणेरड्या वासाचं काहीबाही जाळायचं आणि धुरात घुसमटत असताना त्याला प्रश्न विचारायचे. हसत. वर्षभर ज्या विस्तवाची ही पोरं वाट बघायची, त्यावरच त्यांना असं धरायचे.

रॅगिंग म्हटलं की आपण वसतिगृहांच्या नावाने बोटं मोडतो. हे त्याचे पूर्वज.

आता मासळी. ती नसती तर हे काहीच नसतं. उत्तरेला लोफोटेनच्या बेटांवर हिवाळ्यात कॉड मासा अंडी घालायला येतो. तो पकडायचा, डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, शेपटीला शेपूट बांधून लाकडी मांडवांवर टांगायचा. मीठ नाही. आपले बोंबीलही मिठाशिवाय वाळतात, पण ते उन्हात. हा वाळतो गोठणबिंदूच्या आसपास घुटमळणाऱ्या थंड वाऱ्यात, फेब्रुवारी ते मे. फार थंडी पडली तर गोठून तंतू फाटतात, ऊब आली तर किडे पडतात. त्या एका पट्ट्यातच नेमकी हवा मिळते. पाणी निघून जातं, वजन पाचव्या हिश्श्यावर येतं आणि मग हा मासा वर्षानुवर्षं टिकतो. बाजारात मी एक हातात घेऊन फळीवर आपटून पाहिला, लाकडासारखा वाजला. दुकानदाराने भुवया उंचावल्या. असं बरेच जण करत असावेत, कारण त्याने विचारलं नाही, नुसती किंमत सांगितली. ती ऐकून मी मासा आदराने जागेवर ठेवला. आजही याचे मोठे गिऱ्हाईक इटली आणि नायजेरिया आहेत, हे त्यानेच सांगितलं.

मध्ययुगातल्या युरोपला उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चालायचा, आणि हा मासा कुठेही न्यावा असा. उत्तरेकडच्या कोळ्यांना हवं होतं धान्य, कारण तिथे ते धड पिकत नाही. बाल्टिककडून राय नावाचं धान्य आणि पीठ यायचं, उत्तरेकडून मासळीने शिगोशिग भरलेली गलबतं यायची, आणि मधे ब्रिग्गेनवर बसलेला व्यापारी दोन्हीकडची वही लिहायचा. इथवर सगळं छान, शाळेच्या पुस्तकातल्या ‘व्यापारी मार्ग’ या धड्यासारखं. पण त्या वहीत उधारी होती. कोळ्याला या हंगामाला पीठ, दोर, गळ उसने मिळायचे, पुढच्या उन्हाळ्यात मासा आणून फेडायचे, आणि फिटले नाहीत तर नाव वहीत राहायचं. जोवर नाव वहीत, तोवर मासा त्याच पेढीला घालायचा, भाव जास्त देणारा शेजारी उभा असला तरी. बापाची उधारी मुलाकडे. व्यापाऱ्याची बाजू अशी की वाईट वर्षी तोच पीठ द्यायचा, बाकी कुणी दारात उभं केलं नसतं. दोन्ही खरं आहे. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर मचव्यांच्या आणि जाळ्यांच्या उधारीबद्दल ज्याने ऐकलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. या पेढीचं चिन्ह तर बघण्यासारखं आहे. ढालीच्या अर्ध्या भागात सम्राटाचा गरुड आणि अर्ध्या भागात मुकुट घातलेला सुका मासा. मुकुट माशाला मिळाला. पकडणाऱ्याचं चित्र कुठेच नाही.

जर्मन पेढी १७५४ मध्ये बंद झाली, नॉर्वेजियन व्यापारी त्याच घरांत तोच धंदा करत राहिले, आणि हळूहळू जग बदललं. १९०० च्या सुमाराला बर्गनकरांना ही जुनी लाकडं नकोशी झाली होती. घाण, उंदीर, आगीची भीती. दक्षिणेकडचा अर्धा धक्का पाडून तिथे विटांच्या भारदस्त इमारती बांधल्या गेल्या, जुन्या आकाराची आठवण म्हणून टोकदार त्रिकोणी माथे ठेवून. आज त्या इमारतींसमोर उभं राहिलं की लोक हळहळतात. मी हळहळले नाही. आमचं वेंगुर्ल्याचं घरही काकांनी आणि बाबांनी पाडलं आणि तिथे स्लॅबचं बांधलं. वाळवीने वासे पोखरले होते, जिना हलत होता, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच आतून संडास-बाथरूम हवं होतं. माडीचे खांब कुणी मुंबईचा माणूस चांगल्या पैशांत घेऊन गेला. कुठल्या तरी रेस्टॉरंटमध्ये शोभेला उभे असतील. जुनं घर बाहेरून बघणाऱ्याला जितकं सुंदर दिसतं तितकं आत राहणाऱ्याला दिसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पाडणाऱ्या बर्गनकरांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण उरलेल्या बोळात उभं राहिल्यावर बरं वाटतं, तेही खरं.

उरलेल्यालाही सुख नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. या रांगांतल्या एका घरात, एनह्योर्निंग म्हणजे युनिकॉर्नच्या नावाच्या वाड्यात, विशीतल्या पोरापोरींचा ‘थेटा’ नावाचा गट एका लपवलेल्या खोलीतून लंडनशी बिनतारी संपर्क ठेवून होता. किनाऱ्यावर कुठली जर्मन युद्धनौका कुठे आहे ते कळवायचे. १९४२ मध्ये ती खोली जर्मनांना सापडली. खोली केवढी म्हणाल, तर आपल्याकडच्या वन-रूम-किचनमधलं किचन. हेच बोळ, हेच अंधारे जिने, आणि यावेळी अंधार पोरांच्या बाजूने होता. मग २० एप्रिल १९४४ ला धक्क्याशी उभं असलेलं फोर्बोडे नावाचं डच जहाज, पोटात शंभर टनांहून जास्त स्फोटकं घेऊन, उडालं. माणसं मेली, अर्धं बंदर उद्ध्वस्त झालं, ब्रिग्गेनची छपरं उडाली. घरं वाकली, पण पडली नाहीत. युद्धानंतर ती डागडुजी करून उभी राहिली आणि १९५५ च्या उन्हाळ्यात पुन्हा आग लागली. उत्तरेकडच्या रांगा गेल्या.

इथे माझी पंचाईत होते.

कारण ती आग लागली नसती तर गीदा आपल्याला कधीच भेटली नसती. जळालेल्या जागेवर लगेच बांधकाम न करता तिथे उत्खनन सुरू झालं. आस्ब्योर्न हर्टेग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली ते १९५५ ते १९६८ असं चाललं. खाली थरावर थर निघाले. जुने धक्के, कचरा, जोडे, फण्या, भांडी, लाकडाचे ढलपे, आणि मधेमधे काळ्या रेघा. त्या रेघा म्हणजे जुन्या आगी. आगींची वर्षं नोंदवलेली होती, म्हणून कुठली वस्तू कुठल्या काळातली ते त्या राखेवरून लावता आलं. शहराच्या प्रत्येक संकटाने खाली एक तारीख लिहून ठेवली होती. आणि या थरांत सापडल्या रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेल्या काठ्या. साधारण ६७०. त्याआधी विद्वानांची समजूत अशी की रून म्हणजे दगडांवर मेलेल्यांची नावं कोरायची, गंभीर कामाची लिपी, आणि ती मध्ययुगात मागे पडली असणार. इथे निघाल्या त्या बोटाएवढ्या पाइनच्या काटक्या, चाकूने खरडलेल्या. ‘हे पोतं सिगमुंडचं’ अशा मालाला बांधायच्या चिठ्ठ्या. हिशेब. प्रार्थना. प्रेमाचं बोलणं. चावट बोलणं. आणि एकीवर: गीदा म्हणते, घरी ये.

बस्स. काठीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी आणखी काही खरडलंय, पण त्याचा अर्थ लागत नाही. अभ्यासक गमतीने म्हणतात की नवऱ्याने दारूच्या अमलाखाली दिलेलं हे उत्तर असावं. मला ती गंमत फार आवडते असं नाही. कदाचित गीदाचं माणूस नुसतं थकलेलं असेल. पण ती काठी बघताना मी काचेजवळ गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. इतक्या सगळ्या पेढ्या, वह्या, ढाली, गरुड, आणि या सगळ्याच्या खाली एक बाई कुणाला तरी जेवायला बोलावतेय. आणखी एका काठीवरचा निरोप भाचीने वाचून दाखवला: नाणी पाडणारा थोर्केल तुला मिरी पाठवतोय. मिरी! तेव्हा युरोपात मिरी जायची ती मलबारच्या किनाऱ्यावरून, अरबांच्या गलबतांतून, मग व्हेनिस, मग उत्तर. आमच्या समुद्रापासून निघालेली मूठभर मिरी कितीतरी हातांतून त्या चिखलाच्या धक्क्यापर्यंत पोचली होती आणि थोर्केलला ती कुणाला तरी द्यावीशी वाटली होती. किती पाठवली ते लिहिलेलं नाही. थोडीच असणार.

जी घरं वाचली त्यांनी व्यापाऱ्यांची हकिगत राखली. जी जळाली त्यांच्या खाली बाकीचे सापडले. मग १९५५ च्या आगीबद्दल मी नक्की काय वाटून घ्यायचं? भाचीला विचारलं. ती म्हणाली, “मावशी, तुला सगळ्या गोष्टींबद्दल काहीतरी वाटलंच पाहिजे असं आहे का?” ही पिढी थेट बोलते.

पण काठ्या टिकल्या कशा, याचं उत्तर मला सगळ्यांत चक्रावणारं वाटलं. ओलीमुळे. आम्ही कोकणातली माणसं ओलीशी आयुष्यभर भांडलेलो. आषाढात कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर बोटं गार, पुस्तकांना बुरशी, लाकूड फुगून दार लागत नाही. बर्गनमध्ये वर्षाला साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जवळपास तेवढाच पडतो, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते. बर्गन वर्षभर पुरवून पुरवून वापरतं. इथल्या जमिनीत मात्र ही ओल म्हणजे रक्षण. ब्रिग्गेन ज्यावर उभं आहे ती जमीन म्हणजे शतकानुशतकं समुद्रात भर घालून पुढे सरकवलेला धक्का. कचरा, ढलपे, जुने ओंडके, जळालेले अवशेष, काही ठिकाणी कित्येक मीटर जाड. जोवर हे सगळं पाण्याने भरलेलं आहे तोवर आत हवा जात नाही आणि लाकूड कुजत नाही. आगीनंतर रिकाम्या झालेल्या जागेवर हॉटेल उभं राहिलं, त्याच्या पायासाठी जमिनीत पोलादी पत्रे गेले, पाण्याचा निचरा झाला, भूजल खाली उतरलं, आणि शेजारची जुनी घरं दर वर्षी काही मिलिमीटर खचायला लागली. खालची लाकडं श्वास घेऊ लागली होती, म्हणून मरत होती. मग गेल्या काही वर्षांत उलटा उपाय केला. पावसाचं पाणी गटारात सोडण्याऐवजी जमिनीत मुरवायचं. पाणी झिरपेल अशी फरसबंदी, झाडं लावलेले खोलगट चर. भूजल पुन्हा वर आलं, खचणं मंदावलं.

वरून आग नको आणि खालून कोरड नको. सिगरेटचा धसका घेणाऱ्या त्या बाई बर्गनच्या पावसावर मात्र खूश असतील का, कोण जाणे.

एका वाड्यात काम चाललेलं होतं. १९६२ मध्ये स्थापन झालेली एक संस्था यातल्या बऱ्याच घरांची मालक आहे, आणि १९७९ मध्ये युनेस्कोने ब्रिग्गेनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हापासून पैसाही येतो, पाहुणेही. उरलेल्या इमारती साधारण ६२. अख्खं घर जॅकवर उचलून खालचे कुजलेले ओंडके काढून नवे बसवत होते. कोपऱ्यावर एकात एक खाच करून, जुन्या पद्धतीने. नवं लाकूड जुन्याशेजारी अगदी पिवळंजर्द, नव्या नवरीसारखं अवघडलेलं. सुतार तरुण होता, पोनीटेलवाला. मी विचारलं की यात जुनं किती उरेल शेवटी. त्याला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारत असणार. तो म्हणाला की जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवतो, अगदी हातभर सडलं असेल तर हातभरच कापतो. मग कुऱ्हाडीने तासलेला पृष्ठभाग त्याने मला हात लावून बघायला सांगितला. गुळगुळीत नव्हता, लाटालाटांचा होता. करवतीने कापलं की तंतू उघडे पडतात आणि पाणी आत शिरतं, कुऱ्हाडीने तासलं की दबतात, असं त्याचं म्हणणं. भाचीने भाषांतर करताना ‘तासणे’ला काय म्हणायचं यावर इतका वेळ घेतला की सुतार परत कामाला लागला.

मग वॅफल खाल्लं. वर तपकिरी चीज, कॅरमलसारखं. मला आवडलं, भाचीला अजून सवय झालेली नाही.

तिचं घरही लाकडीच आहे. बर्गनमध्ये टेकड्यांवर चढलेली पांढऱ्या लाकडी घरांची अख्खी वस्ती आहे, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांतून. ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, खाली एक आजोबा. संध्याकाळी मी वरण केलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, मिरची, आणि मिरचीचा ठसका लागून मी खोकते न खोकते तोच छतावरून कान फाटेल असा आवाज सुरू झाला. धुराचा अलार्म. प्रत्येक घरात हवाच, कायदाच आहे. भाची स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होती, मी खिडकी उघडली तर पाऊस थेट ओट्यावर. तेवढ्यात दारावर थाप पडली. खालचे आजोबा. पायांत सपाता, हातात चक्क आग विझवायचं लाल सिलिंडर. त्यांनी आधी मला बाजूला केलं, मग शेगडी बघितली, मग भिंत. भिंतीला तळहात लावून बघितलं, वर आणि खाली. भाचीने हसत हसत सगळं समजावलं, ते काही हसले नाहीत. खात्री झाल्यावर मात्र सिलिंडर दाराशी ठेवून पातेल्यात डोकावले, वास घेतला आणि डोळे पुसत काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, पुढच्या मंगळवारी नगरपालिकेचा धुराडं तपासायला माणूस येणार आहे. घरी कोण असेल?”

मी म्हटलं, मी असेन. आणि त्यांना म्हणावं, बसा, वरण-भात तयार आहे.